हिरव्या पाटीची पाळणाघरं पुरे झाली, आता आपली घरं उघडा!

धायरी, नऱ्हे, आंबेगाव परिसरातील आई-बाबा, आजी-आजोबा आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना जाहीर आवाहन

सोमवारी सकाळी आपल्याच भागातल्या एका पाळणाघरामागच्या मोकळ्या प्लॉटवर वापरलेल्या डायपरचा ढीग पेटवून दिला गेला. आमच्या महिला मंडळाच्या कार्यकर्त्या पोचल्या तेव्हा डायपरवरची ससे-अस्वलं वितळून एकमेकांना चिकटली होती. आतला भिजलेला भाग जळत नव्हता, म्हणून कुणीतरी वर पालापाचोळा आणि जुन्या चपला टाकल्या होत्या. धूर सरळ पाळणाघराच्या खिडकीत जात होता. आत दीड-दोन वर्षांची लेकरं होती. बाहेर पाटी होती, ‘इको-फ्रेंडली पाळणाघर’. भिंतीवर झाडाचं चित्र, जमिनीवर प्लास्टिकचं गवत, आणि फी मात्र खऱ्या बागेची!

उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई भरावी लागेल, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच बजावलं आहे. ते कुणाला आठवत नाही. पण हे डायपर पेटवले त्याच आठवड्यात एका सोसायटीने मात्र सदनिकेत पाळणाघर चालवायला मनाई करणारा ठराव आणला. कारण काय, तर मुलांच्या रडण्याचा त्रास होतो! गणपतीत दहा दिवस स्पीकर चालतो, नूतनीकरणाची ड्रिल महिनोन् महिने चालते. तान्ह्याचं रडणं तेवढं खुपतं.

मग मुलं ठेवायची कुठे? कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण आपल्या भागात पोळी-भाजी केंद्र चालवणारी, दुकानात उभी राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, छोट्या दवाखान्यात नर्स असणारी बाई कोणत्या आस्थापनेत मोजायची? अंगणवाडीतलं पूर्वशिक्षण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी, तेही काही तासच. सहा महिने ते तीन वर्षं हा काळ आईने आपल्या हिमतीवर काढायचा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं निघाली. बाबा लोकांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

आता डायपरचा हिशेब. १० मुलं, प्रत्येकाचे दिवसाला ४ डायपर, महिन्याचे २५ दिवस. एका पाळणाघराचे महिन्याला १,००० डायपर झाले! ते ओल्या कचऱ्यात कोंबले जातात आणि कचरावेचक ताई उघड्या हातांनी वेगळे काढतात. घनकचरा नियम २०१६ साली आले. डायपर नीट गुंडाळून द्यायचा हे त्यात तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. पुण्यात कचरावेचक ताईंनीच कागदात गुंडाळून लाल टिपका लावायची पद्धत घालून दिली. ज्यांच्या हाताला घाण लागते त्यांनीच आपल्याला शिकवावं, आणि आपण शिकलेल्यांनी ते करू नये!

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: पर्यावरणपूरक पाळणाघर म्हणजे महागडी सजावट नव्हे. थोडी मुलं, उजेडाचं घर, सुती लंगोट आणि धूर नाही, एवढं जमलं की झालं. अशी घरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. ती उघडा. कशी, ते थोडक्यात सांगतो:

१. जागा. तळमजला किंवा पहिला मजला, दोन बाजूंनी हवा, गॅलरीत ऊन, खिडक्यांना जाळी. नवा रंग लावलात तर वास पूर्ण जाईपर्यंत मुलं आणू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगाचे पोपडे निघत असतील तर कोरडे घासू नका, धूळ होते. मुलं घरात नसताना ओलं करून काढा.

२. मुलं किती? २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक बाई चालते. आम्हाला चालत नाही. एका बाईमागे चार, बस्स. हाव सुटली की डायपर आणि टीव्ही मागोमाग येतात.

३. लंगोट. आजीच्या नऊवारीचे आणि आजोबांच्या धोतराचे. प्रत्येक मुलामागे डझनभर घरून यावेत. घाण आधी संडासात, मग साबण, गरम पाणी आणि कडक ऊन. पावसाळ्यासाठी दुप्पट ठेवा. डायपर लागलाच तर लाल टिपका लावून वेगळा द्या.

४. डास आणि इतर धोके. कॉइल बंद! २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. मच्छरदाणी लावा, कूलरचं पाणी काढा. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढा. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. कण्हेर आणि डिफेनबेकिया या विषारी झाडांच्या कुंड्या हलवा, त्या जागी पुदिना, गवती चहा लावा.

५. खेळणी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या. कापडी चेंडू, लाकडी भातुकली, डबे-झाकणं पुरतात. तोंडात जाईल असं बारीक काही नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते प्लास्टिकच्या घसरगुंड्यांवर नव्हे. टीव्ही बंद. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको.

६. खाणं. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, उकडलेलं रताळं, स्टीलच्या वाटीतून. पुडीतलं काही नाही. सालं खताच्या टोपलीत.

७. विश्वास. मदतनिसाची पोलीस पडताळणी करून घ्याच. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरातली मारहाण सीसीटीव्हीत दिसली तेव्हा सगळे हळहळले, नंतर विसरले. आई-बाबांना दिवसभरात कधीही, न सांगता आत येऊ द्या. कायद्याने कंपनीच्या पाळणाघरात आईला दिवसातून चार वेळा जाता येतं. मग आपल्या घराचं दार का लावायचं?

‘लंगोट धुणार कोण?’ ज्याच्या घरी वॉशिंग मशीन आहे त्याने हा प्रश्न विचारू नये. ‘पाणी जास्त लागतं.’ पाइप सोडून गाड्या धुणाऱ्या सोसायट्यांनी आम्हाला पाण्याचा हिशेब शिकवू नये. ‘मोबाईलशिवाय मूल जेवत नाही.’ भूक लागली की जेवतं.

आमच्या मंडळाला लोक ‘हळदीकुंकवाचं मंडळ’ म्हणून हिणवायचे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत याच बायकांनी घरोघरच्या जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून भाजीबाजारात वाटल्या. नाल्याकाठचा कचऱ्याचा ढीग याच बायकांनी पहाटे पाळत ठेवून बंद पाडला. आताही मागे हटणार नाही. जे घर पुढे येईल त्याला लंगोट आणि गोधड्या आम्ही शिवून देऊ, पहिला महिना एक कार्यकर्ती रोज मदतीला येईल, आणि सोसायटीच्या सभेत आम्ही तुमच्या बाजूने उभ्या राहू.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता मारुती मंदिराच्या सभामंडपात या. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी खोली सांगा, वेळ आहे त्यांनी वेळ सांगा, फक्त जुन्या साड्या आहेत त्यांनी साड्या आणा. निवृत्त आजोबांनो, कट्ट्यावर देशाची चिंता करता, दोन तास नातवंडांच्या वयाच्या मुलांना सांभाळा. पदाधिकाऱ्यांनो, तो ठराव मागे घ्या आणि तसं लिहून आणा. आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही, त्यांनी आज रात्रीचा डायपर तरी कागदात गुंडाळून, लाल टिपका लावून वेगळा द्यावा. त्याला ना सभा लागते, ना ठराव.

आपल्या,
परिसरातील महिला मंडळाच्या सर्व कार्यकर्त्या