कुस्तीला जोड लागते

कुस्ती हा एकट्याचा खेळ आहे असे सगळे म्हणतात. टीव्हीवर परदेशातली एक कुस्ती दाखवतात, तिच्यात मात्र दोघा-दोघांच्या जोड्या असतात. एक दमला की तो दोरीजवळ जाऊन जोडीदाराच्या हाताला हात लावतो. मग जोडीदार आत येतो. जिंकणाऱ्या जोडीला पट्टा मिळतो. मोठी मुले म्हणतात, आपल्याकडे असली जोडीची कुस्ती न्हाई. पण माझे मत वेगळे आहे. आपल्याकडेही जोड आहे, फक्त ती समोर उभी असते. फडात पंच जोड लावतात. वजन बघतात, उंची बघतात, मग हातात हात देतात. तोलामोलाची जोड नसेल तर कुस्ती होतच नाही. एकट्याने नुसता शड्डू ठोकता येतो.

सातारा आणि सांगली हे कुस्तीचे जिल्हे आहेत. सांगलीचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली ठेवले. तेव्हा आपण भावकीतलेच आहोत.

आता आपल्या भागातली एक खरी जोडी सांगते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 साली हिंद केसरी झाले. कवठेपिरानचे मारुती माने 1964 साली हिंद केसरी झाले. दोघेही सांगली जिल्ह्याचे. 1962 साली जकार्ता येथे आशियाई खेळ झाले, तिथे हे दोघे गेले होते. आंदळकरांनी ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्णपदक आणि फ्री स्टाईलमध्ये रौप्यपदक मिळवले. मारुती मान्यांनी फ्री स्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकडायचे नसते. एकाचे सोने तिथे दुसऱ्याची चांदी! दोघांची मिळून चार पदके झाली. टीव्हीवरच्या पट्ट्यापेक्षा मला ही जोडी भारी वाटते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. लोकांनीही वर्गणी दिली. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हंजे मातीत एकटा दिसतो, पण त्याच्या पाठीशी माणसे असतात. मग कुस्ती एकट्याची कशी?

आता माझे खरे म्हणणे सांगते. आमच्या गावच्या यात्रेत लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात. हलगी वाजते, मोठ्यांच्या कुस्त्या दिवस मावळेपर्यंत चालतात. मुलींची मात्र एकपण कुस्ती लागत नाही. विचारले तर पंच म्हणतात, "पोरी, तुला जोड कुठनं आणायची?" मी म्हणते, शोधली तर मिळेल. मुलांची जोड आभाळातून पडते काय? त्यांची नावे लिहून घेतात, म्हणून मिळते. आमच्या वर्गात अकरा मुली आहेत. मी विचारले तर चौघींनी हात वर केले.

आज्जी म्हणते, "पोरीच्या जातीनं कुस्ती खेळू न्हाई, हातपाय मोडतील." पण मुलांचे हातपाय काय लोखंडाचे असतात? मी वैरणीचा भारा आणते, दोन कळश्या पाणी आणते, तेव्हा कुणी म्हणत नाही की हातपाय मोडतील.

मुलींची कुस्ती आता काही नवीन राहिलेली नाही. ऑलिंपिकमध्ये 2004 सालापासून मुलींची कुस्ती आहे. 2016 साली साक्षी मलिक हिने रिओत कांस्यपदक मिळवले. भारताच्या महिलेला कुस्तीत मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 साली सुरू झाली. 2022 साली ती साताऱ्यात भरली आणि कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील जिंकले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 साली भरली, म्हणजे बासष्ट वर्षांनी! ती आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. तिच्यासमोर कल्याणची वैष्णवी पाटील होती. ती आली नसती तर प्रतीक्षा गदा कुणाशी लढून मिळवणार? म्हणून हरणारीलापण मान दिला पाहिजे. कुस्ती दोघींनी मिळून केलेली असते.

माझ्या मते यात्रेच्या पंचांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, यात्रेच्या महिनाभर आधी शेजारच्या गावांच्या शाळांत चिठ्ठी पाठवून मुलींची नावे मागवावीत. दोन, सगळ्यांची वजने काट्यावर करून जोडी ठरवाव्यात, म्हणजे कुणी कुणाला चिरडणार नाही. तीन, मुलींनाही मुलांइतकेच बक्षीस द्यावे. मुलाला नारळ तर मुलीलाही नारळच. पहिल्या वर्षी पाच कुस्त्या लावल्या तरी पुष्कळ झाल्या. तालमीत मुलींसाठी सकाळचा एक तास ठेवला तर फारच बरे होईल.

आमची यात्रा चैत्रात आहे. अजून वेळ आहे. माझे वजन सव्वीस किलो आहे आणि माझे नाव पहिले लिहून घ्यावे. समोर कुठल्याही गावची मुलगी चालेल, फक्त जोड तोलामोलाची द्यावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी