चार दिवसांत सात ठिकाणे

आमच्यापैकी एकाचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने मध्यंतरी सहलीचा एक तक्ता पाठवला. लेबर डेच्या सुट्टीला जोडून चार दिवस. विमानाने लास व्हेगास, पुढे भाड्याची गाडी. झायन, ब्राइस, अँटिलोप कॅन्यन, हॉर्सशू बेंड, सोडतीत नंबर लागलाच तर 'द वेव्ह', मग मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि परत लास व्हेगास. एकूण सुमारे दीड हजार किलोमीटर. प्रत्येक ठिकाणापुढे आंतरजालावरून उचललेले एक छायाचित्र डकवलेले, आणि तसेच छायाचित्र कुठे उभे राहून किती वाजता काढायचे याची नोंद. खाली एक ओळ : "मामा, तुम्ही सगळे सह्याद्रीत एवढे हिंडता, कॅमेऱ्यातलेही कळते. फक्त वेळा बसवून द्या, गाळू मात्र काही नका."

आम्ही वेळा बसवून दिल्या नाहीत. का, ते जाहीरपणे लिहितो. कारण हा तक्ता एकट्या भाच्याचा नाही. परदेशातल्या मराठी घरांतून तो थोड्याफार फरकाने फिरत असतो आणि त्यावर बेतलेली प्रवासवर्णने आपण कौतुकाने वाचतो.

आमचा आक्षेप छायाचित्रणाला नाही, तुटपुंज्या रजेला तर नाहीच. आक्षेप आहे तो चित्र आधी ठरवून मग त्याच्यासाठी भूमी शोधण्याला. असा प्रवासी पाहायला जात नाही, पाहिलेले पडताळायला जातो. या विशिष्ट प्रदेशात ही सवय केवळ अरसिक नाही, धोक्याचीही आहे.

अँटिलोप कॅन्यनचे उदाहरण घ्या. ॲरिझोनातल्या पेज गावाजवळची, नाव्हाहो लोकांच्या भूमीतली ही वालुकाश्माची अरुंद घळ. वरच्या फटीतून उतरणारा प्रकाशाचा झोत हे तिचे जगप्रसिद्ध चित्र. तो झोत साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, तोही मध्यान्हीच्या आसपास दिसतो. आणि तो चित्रात ठसठशीत उमटावा म्हणून वाटाडे मूठभर वाळू हवेत उधळत आले आहेत. याच घळीतल्या धुळीच्या लोटाचे पीटर लिक यांचे 'फँटम' हे छायाचित्र 65 लाख डॉलरना विकले गेल्याचा दावा त्यांच्या कंपनीने 2014 साली केला. गिऱ्हाइकाचे नाव गुलदस्त्यातच राहिले, पण चित्राची कीर्ती मात्र पसरली. आता तिथे ट्रायपॉडला बंदी आहे, वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, आणि मागच्या गटाचा रेटा असतोच. म्हणजे भाच्याला जे हवे आहे ते तिथे निवांतपणे काढताच येत नाही.

त्या घळीचे नाव नाव्हाहो भाषेत 'त्से बिघानिलिनी' असे आहे. अर्थ : खडकांतून पाणी वाहते ती जागा. आमच्या मते बेत आखणाऱ्याने पहिल्यांदा हे नाव वाचावे. ज्या पाण्याने ती वळणे कोरली ते त्या प्रसिद्ध चित्रात कुठेच नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी शेजारच्या खालच्या घळीत 11 पर्यटक बुडून मेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडत नव्हता. तो काही किलोमीटर दूर, वरच्या अंगाला कोसळला होता. आपल्याकडे सांधणच्या घळीत पावसाळ्यात उतरू नये हे नवख्यालाही सांगितले जाते, आणि इथे आभाळच आपल्याला ताकीद देते. तिथे निळे आभाळ फसवते. तिथला पावसाचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. झोताचे महिने आणि लोंढ्याचे महिने असे एकमेकांत गुंतलेले आहेत. भाच्याच्या तक्त्यात सूर्य कुठल्या कोनात असेल हे मिनिटामिनिटाने होते. वरच्या पाणलोटातला पावसाचा अंदाज पाहण्यासाठी रकाना नव्हता.

पायी चालण्याचेही तेच. ग्रँड कॅन्यनपुढे 'ट्रेक, तीन तास' एवढेच लिहिलेले. आपण गड चढतो तेव्हा अंगात ताकद असताना चढ असतो आणि दमल्यावर उतार. कॅन्यनमध्ये हे उलटते. सकाळच्या गारव्यात माणूस हसतखेळत उतरत जातो. परतीचा चढ भर उन्हात वाट पाहत असतो, आणि जितके खोल जावे तितके तापमान वाढते. उतरायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असे तिथले रक्षक सांगतात. तीन तासांतला एकच तास उतरण्याचा, हे तक्ता करणाऱ्याला ठाऊक नव्हते.

मराठी प्रवासवर्णनांना मात्र याच ठिकाणी वेगळाच उमाळा येतो : "तिथेही आपले विष्णू आणि शिव!" विष्णू टेंपल, शिवा टेंपल ही शिखरांची नावे भूशास्त्रज्ञ क्लॅरन्स डटन यांच्या काळातली, त्यांचा ग्रँड कॅन्यनवरचा ग्रंथ 1882 चा. एका अमेरिकन भूशास्त्रज्ञाच्या पौर्वात्य हौसेचा हा ठेवा आहे, आपल्या पूर्वजांच्या पाऊलखुणा नव्हेत. त्याच कड्याखाली हवासुपाई लोक राहत, शेती करीत; त्यांना तिथून हुसकावले गेले. त्यांच्या जागेचे 'इंडियन गार्डन' हे नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' व्हायला 2022 साल उजाडले. विष्णूचे नाव वाचून सुखावणाऱ्या लेखणीला हे दुसरे नाव सहसा दिसत नाही.

आणि छायाचित्र काय करू शकते, त्याचा दाखला पेजलाच आहे. तिथल्या ग्लेन कॅन्यन धरणाला 1956 साली मंजुरी मिळाली. ते पुरे होण्याआधी एलियट पोर्टर हा छायाचित्रकार ग्लेन कॅन्यनमध्ये पुन्हा पुन्हा गेला. 1963 साली धरणाचे दरवाजे बंद झाले, त्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ, 'कुणालाच माहीत नसलेली जागा'. ज्या सिएरा क्लबने ते काढले, त्याने दुसरी एक दरी वाचवण्याच्या तडजोडीत या धरणाचा विरोध सोडून दिला होता. कुणी पाहिलेच नव्हते म्हणून ती जागा बुडाली, ही त्या पुस्तकामागची बोच. पोर्टरपुढे नक्कल करण्यासाठी चित्रे नव्हती. त्याने मुख्यतः परावर्तित उजेड टिपला. एका भिंतीवरून दुसरीवर जाताना तांबूस होणारा, सावलीत निळा पडणारा. तो दिसायला एका जागी बराच वेळ थांबावे लागते.

यावर उत्तर ठरलेले आहे : "एवढा खर्च करून जायचे, पुन्हा कधी योग येणार? सगळे बघून घ्यावे." आम्हालाही रजा मोजूनच मिळते, त्यामुळे हा युक्तिवाद परका नाही. पण दीड हजार किलोमीटर म्हणजे चारांपैकी जवळजवळ दोन दिवस गाडीत. रजा थोडी आहे म्हणूनच ठिकाणे थोडी हवीत.

भाच्याला आम्ही कळवले ते असे. सहल ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ढकल. झोत जाईल, ऊन आणि लोंढ्याची भीती बरीच उतरेल. मुक्काम एकाच गावी कर. वायर पासच्या वाटेने बकस्किन गल्चमध्ये उतर. ती घळ सुमारे 24 किलोमीटर लांब आहे, तू दोन-तीन किलोमीटर आत जा आणि परत ये. त्याच दिवशी पुन्हा वरच्या पाणलोटाचा अंदाज पाहा. शंका असेल तर उतरूच नकोस. माणशी चार लिटर पाणी घे. पहिला तास कॅमेरा पिशवीत ठेव. नाव्हाहो वाटाड्या मिळाला, तर 'इथून फोटो कसा येईल' याआधी 'या जागेला तुम्ही काय म्हणता' हे विचार.

त्याचे उत्तर आले आहे : "मामा, अँटिलोपचे पैसे आगाऊ भरलेत." आम्ही लिहिले आहे, ते बुडू देत.