सिस्टर, मला काय झालंय?

म्हैसूरला हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत माझा मावसभाऊ नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात मावशी त्याच्याकडे राहायला गेली आणि तिथेच आजारी पडली. पोटाचं ऑपरेशन ठरलं. मी सोबतीला म्हणून गेले, ती पंधरा दिवस तिच्या खाटेशेजारीच मुक्काम करून राहिले.

वॉर्डात शिकाऊ नर्सेस होत्या, बहुतेक केरळच्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या. आपसात मल्याळम, इतर पेशंटशी नुकतीच शिकलेली कन्नड आणि आमच्या मावशीशी मोडकंतोडकं हिंदी. (दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाने जून २०२१ मध्ये नर्सेसना मल्याळम बोलायची बंदी करणारं पत्रक काढलं होतं. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. माहेरची भाषा बोलू नका म्हणायचं आणि सेवा मात्र माहेरच्या मायेने हवी!)

पहिल्या दिवशी मावशीने अंग पुसू दिलं नाही. "ही कोण, कुठली! हिच्यासमोर मी अंगावरचं सोडायचं?" पुढचा प्रश्न जातीचा होता, तो लिहीत नाही. ती मुलगी काही बोलली नाही. पडदा ओढला, मावशीला गळ्यापर्यंत चादर पांघरली आणि चादरीखालूनच हात घालून पुसायला लागली. मावशी हळूहळू सैलावली.

खरा पेच पाचव्या दिवशी पडला. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. मावसभावाने सगळ्यांना, त्या मुलीलासुद्धा, बजावलं की आईला कळता कामा नये. त्यात त्याची मायाच होती. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं. त्या रात्री दोन वाजता मावशीने मुलीचा हात धरला आणि विचारलं, "सिस्टर, मला काय झालंय?"

काय करावं हिने? पेशंटशी खोटं बोलू नये असं शिकवलेलं. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, हेही शिकवलेलं. आणि बिल भरणाऱ्या मुलाची ताकीद डोक्यावर. ती म्हणाली, "सुबह डॉक्टर को पूछेंगे अम्मा, मैं साथ रहूँगी," आणि स्टूल ओढून बसून राहिली. सकाळी तिने इन्चार्ज सिस्टरना सांगितलं की पेशंट स्वतः विचारते आहे. मावसभाऊ भडकला, तक्रार करायला निघाला. मी कसंबसं थोपवलं.

मला तेव्हा अरुणा शानबाग आठवली. तीही कर्नाटकातलीच, हळदीपूरची. नर्सिंगसाठी मुंबईला आली आणि केईएम रुग्णालयात लागली. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली, तोवर चाळीसहून अधिक वर्षं ती तिथेच एका खाटेवर होती. ज्या नर्सेसनी तिला पाहिलेलंही नव्हतं, त्यांच्या पिढ्यांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं. तपासणाऱ्या डॉक्टरांना तिच्या अंगावर शय्याव्रण आढळलं नाही. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, रात्रीसुद्धा!

पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला सुटका द्या असा अर्ज केला, तेव्हा केईएमच्या नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. इतकी वर्षं सांभाळणाऱ्या रुग्णालयाचं म्हणणं न्यायालयाने तिच्या वतीने धरलं. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाटही उघडली. विराणींचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. त्या नर्सेसची मायाही खोटी नव्हती. अडचण एवढीच, की अरुणाला विचारता येत नव्हतं.

आमच्या मावशीला विचारता येत होतं. ती तर आपणहून विचारत होती! तरी आम्ही घरचे शहाणे तिला वगळून ठरवत बसलो, आणि तिचं ऐकलं ते एका परक्या पोरीने, जिला अजून पूर्ण पगारही सुरू व्हायचा होता.

डॉक्टरांनी मावशीला सांगितलं. शब्दाप्रमाणे मुलगी शेजारी उभी होती. मावशी रडली, दोन दिवस जेवली नाही. मग मला कागद घ्यायला लावला आणि गावच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे, कुणाचे किती देणे आहे, सगळं लिहून घेतलं.

आता तिची किमो चालू आहे. मावसभाऊ अजून म्हणतो, त्या पोरीने नाक खुपसलं नसतं तर आई चार दिवस सुखात राहिली असती. मावशीसमोर म्हणत नाही.