सातबाऱ्यावर नाव नाही

२०२५ चा डिसेंबर संपत आला होता. आमची लेक बारावीची पुस्तके उघडी टाकून मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती. आम्ही रागावणार तोच तिने मान वर केली आणि विचारले, "पप्पा, आपला क्लब आता बंद पडणार का?"

बातमी अशी होती की, इंग्लंडातल्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफ. सी. मधून अंग काढून घेतले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तो सोडला आणि क्लब मूळ मालकांकडे परत आला. त्यातच इंडियन सुपर लीग, जी एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, ती त्या वर्षी सुरूच झाली नव्हती. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपला होता. पुढे काय, हे कोणी सांगेना.

तिच्या प्रश्नातला 'आपला' हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. आपले कशाला म्हणायचे याचा साधा नियम आम्हाला ठाऊक आहे, वहीत नोंद पाहिजे. या क्लबच्या कोणत्याच वहीत आमची नोंद नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, आठ-अ वर नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजा-पणजांनी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरच घाम गाळला, तेव्हा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फरक एवढाच की ते पोटासाठी राबले आणि आम्ही पदरचे पैसे मोजून, सुट्टी टाकून, घरच्यांची बोलणी खाऊन राबतो.

हे दुखणे आम्हाला जडले ते कूपरेजला. तेव्हा आम्ही वाशीच्या मार्केटात एका गाळ्यावर जमाखर्च लिहीत होतो. शनिवारी दुपारी सुटलो की हार्बरने सीएसटी गाठायचे आणि तिथून पायी कूपरेज. मुंबईचे फुटबॉल त्या काळी कचेऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या जोरावर चाले. एअर इंडिया, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका, आरसीएफ. चेंडू चांगला मारतो म्हणून कामगाराच्या पोराला हजेरीपटावर नाव मिळत असे, ही त्यातली मोठी गोष्ट. महिंद्रा युनायटेड त्यातलाच, १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ साली डेरिक परेरा प्रशिक्षक असताना, बरेटोसारखा ब्राझीलचा खेळाडू संघात असताना, महिंद्राने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या संघाने ती पहिल्यांदाच जिंकली होती. त्या रात्री आम्ही नेरूळला उतरलो तेव्हा स्टेशनवर ओळखीचा कोणी भेटेल आणि त्याला हे सांगता येईल म्हणून उगाच दोन लोकल थांबून राहिलो. कोणी भेटले नाही. भेटले असते तरी त्याने क्रिकेटचेच विचारले असते!

चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्राचा संघ बंद झाला. शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार असे कंपनीने सांगितले. कारण वाईट नव्हते. पण आम्ही वर्तमानपत्र हातात घेऊन बसलो होतो आणि दुखवटा कोणाकडे न्यायचा ते कळत नव्हते. मग २००७ मध्ये निघालेल्या मुंबई एफ. सी. वर जीव लावला. खालिद जमील यांनी तो संघ कितीतरी वर्षे तुटपुंज्या बळावर वरच्या लीगमध्ये टिकवला. ते गेले आणि २०१७ मध्ये संघ खाली घसरला. त्याच वर्षी तोही बंद. जमील पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले, ते ऐकून आम्हाला आपल्याच आळीतला मुलगा कलेक्टर झाल्यासारखे वाटले. पण ती आळी आता नाही.

मुंबई सिटी मात्र आमच्या दारातच आला. १८ ऑक्टोबर २०१४, शनिवार, दिवाळीच्या तोंडावर. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये क्लबचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर पुणे. लेक सहा वर्षांची होती, तिला खांद्यावर घेऊन आम्ही चालत गेलो. होय, चालत! आयुष्यभर खेळ पाहायला शहरात जाणाऱ्या माणसाला आपल्या सेक्टरातून चपला घालून मैदानावर जाता येणे म्हणजे काय, ते नव्या मुंबईत राहिलेल्यालाच कळेल. आमची ही नगरी सिडकोने नकाशावर आखली, शाळा आखल्या, बाजार आखले. पण गाव म्हणायला गावाचे काही तरी लागते, ते नकाशात नसते. त्या दिवशी आंद्रे मॉरित्झ या ब्राझीलच्या खेळाडूने तीन गोल मारले, लीगमधली ती पहिली हॅटट्रिक. ५-० ने आपण जिंकलो. शेजारचा अनोळखी माणूस आमच्या लेकीला चिक्की देत होता. आम्हाला वाटले, आता हे कायमचे.

(पराभूत पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी हैदराबाद आले. हैदराबादने २०२२ मध्ये अजिंक्यपद जिंकले आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. तेव्हा ५-० ने हरून गेलेल्यांवर त्या रात्री आम्ही हसलो होतो, त्याचे आता वाईट वाटते.)

दोन हंगाम झाले आणि २०१६ मध्ये क्लब अंधेरीला गेला. आम्हाला कोणी विचारले नाही, विचारणार तरी का? मग नेरूळहून कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रोने आझादनगर असा प्रवास सुरू झाला. सामना संपायला रात्रीचे दहा. कामाच्या दिवशी मध्यरात्री घरी पोचायचे आणि सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर. लेकीची आई एकदा म्हणाली, "अहो, जिंकले तरी तुमचा चेहरा असाच, हरले तरी असाच. मग जाता कशाला?" उत्तर आम्हाला आजही देता आलेले नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये गोव्याने ०-७ ने झोडपले होते तेव्हाही हाच प्रश्न आला होता.

चाहत्याच्या नशिबाची गंमत पाहा. १३ मार्च २०२१ ला मुंबई सिटीने पहिल्यांदा अजिंक्यपद जिंकले. फातोर्डा मैदानावर, मोहन बागानविरुद्ध, ९० व्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने गोल केला, २-१. सात वर्षे ज्याची वाट पाहिली तो क्षण आला आणि कोरोनामुळे मैदानात एकही प्रेक्षक नव्हता. आम्ही बापलेकी घरात नाचलो आणि खालच्या मजल्यावरच्या आजी काठी ठोकत होत्या.

दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत सौदीच्या अल हिलालशी गाठ पडली आणि सामना परत नेरूळला ठरला. अल हिलालकडे नेमार. नेमार नेरूळला येणार! सेक्टरातल्या पोरांनी महिनाभर दुसरे काही बोलले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. ६ नोव्हेंबरला अल हिलाल आले, नेमार आला नाही, आपण ०-२ ने हरलो. पण आम्ही नऊ वर्षांनी पुन्हा चालत सामन्याला गेलो होतो. लेक म्हणाली, "नेमारसाठी आलेले परत जातील पप्पा, आपण तर नेहमीचे आहोत." पंधरा वर्षांच्या पोरीने आमच्या मनातले बोलून दाखवले.

आणि २०२४ चा एप्रिल तर वाचकांनी मुद्दाम ऐकावा. १४ एप्रिलची मिरवणूक उरकून, घसा बसलेला, पाय सुजलेले, अशा अवस्थेत १५ तारखेला सोमवारी रात्री आम्ही टीव्हीसमोर बसलो. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर लीगमधला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी शील्ड आपली. १-२ ने हरलो. लेक जेवली नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही लपवून एकच भाकरी खाल्ली. त्यानंतर वीस दिवसही झाले नव्हते तोच, ४ मे ला, त्याच मैदानावर त्याच मोहन बागानविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना ३-१ ने जिंकला. पुन्हा बिपिनचा गोल. मुंबईचाच राहुल भेके त्या मोसमात कर्णधार होता. त्याच वर्षी भेके बंगळुरूला गेला, पुढच्या वर्षी बिपिन ईस्ट बंगालला. त्यांना आम्ही बोल लावत नाही. चार पैसे जास्त मिळाले तर नोकरी आपणही बदलतो. खेळाडूचे पाय दहा-बारा वर्षांचे भांडवल. पण चाहत्याला दुसरीकडे बदली नसते, एवढेच म्हणणे.

आमचे कोल्हापूरचे साडू या सगळ्यावर हसतात. "पाव्हणं, तुमचा क्लब म्हंजे भाड्याची खोली. मालकानं सांगितलं की बिऱ्हाड उचलायचं," असे ते म्हणतात. त्यांचे खरे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या स्टेडियमवर त्यांच्याकडे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ खेळतात. पेठेचा संघ, पेठेची वर्गणी, पेठेची पोरे. पैसा कमी, मैदानावर कधी मारामारीही होते, पोलीस बंदोबस्त लागतो. पण परदेशातून कोणी येऊन तालीम विकत घेत नाही आणि सोडूनही जात नाही. त्या पेठांमध्ये आपल्या वस्तीतल्या पोराला किती जागा मिळते हा वेगळा विषय आहे, तो पुन्हा केव्हातरी.

वर्गणीचे आम्हाला चांगले कळते. आमच्या सेक्टरच्या जयंती मंडळाचा हिशेब आम्ही लिहितो. एक्कावन्न रुपये देणारा माणूससुद्धा मे महिन्यात गाठून विचारतो, "जय भीम भाऊ, जनरेटरचे एवढे कसे झाले?" त्या क्षणी राग येतो. पण पावती त्याच्या हातात असते, आम्हाला वही उघडावी लागते. मुंबई सिटीच्या जर्सीवर, तिकिटांवर, रेल्वे-मेट्रोवर आमचे अकरा वर्षांत किती गेले ते आम्ही एकदा मांडू लागलो आणि अर्ध्यात थांबलो, कारण लेकीची आई मागे उभी होती. "त्या निळ्या गणवेशाला साबण लावायचा हक्क तेवढा आपला," ती म्हणाली.

जगात सगळीकडे असे नाही. जर्मनीत १९९८ पासूनचा नियम आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मते सभासदांकडेच राहिली पाहिजेत. मालक कितीही श्रीमंत असो. त्याला दोन-तीन क्लबांचे अपवाद आहेत, पण नियम आहे. इंग्लंडात विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या शहरात नेण्याला २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला. तळाच्या स्पर्धांपासून सुरुवात करून नऊ वर्षांत, २०११ मध्ये, तो वरच्या लीगमध्ये परत आला. आणि लांब कशाला, कोलकात्यात पाहा. १८८९ सालच्या मोहन बागानला २०२० मध्ये एटीके हे नाव जोडले गेले. चाहत्यांनी मोर्चे काढले, घोषणा दिल्या, मैदानात फलक धरले. तीन वर्षांनी ते नाव निघाले. संघ जिंकत असतानाही ते लढत राहिले, याचे आम्हाला फार कौतुक वाटते. पोट भरलेले असताना हक्क मागणे अवघड असते.

आपल्याकडे चाहत्यांनी अजून ढोलच वाजवले आहेत. ढोल वाजवणाऱ्याला मंडळाच्या बैठकीत खुर्ची मिळत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केले की लीग १४ फेब्रुवारीपासून होईल, चौदाही क्लब खेळतील. लेक ओरडली, शेजारच्या दोन पोरांना फोन केले. मग शांत झाली आणि म्हणाली, "या वर्षी सुटलो. पुढच्या वर्षी? पप्पा, तुम्ही अकाउंटवाले ना? क्लबकडे पैसे आहेत की नाहीत ते कळतं का कुठे?"

कळते. क्लब असला तरी कायद्याने ती कंपनीच, आणि कंपनी दरवर्षी ताळेबंद सरकारकडे दाखल करते. शंभर रुपये भरले की कोणाही नागरिकाला तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यासाठी मालक असावे लागत नाही. आम्ही रोज दुसऱ्यांचे ताळेबंद पाहतो आणि अकरा वर्षांत हा एक पाहावा असे आम्हाला कधी सुचले नव्हते.

तिने कंपासपेटीतून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली. परीक्षा होईपर्यंत ती आम्ही जयंतीच्या पावतीपुस्तकात जपून ठेवली आहे. वाचायला दोघे मिळून बसायचे असे ठरले आहे.