दिवाणखान्यांतील समुद्र

मनुष्यास जें सुंदर दिसतें तें आपल्या घरीं असावें, ही इच्छा फार जुनी आहे. फुलांसाठीं त्यानें बाग केली, पक्ष्यांसाठीं पिंजरा केला आणि माशांसाठीं कांचेची पेटी केली. अलीकडे ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील कांहीं घरांत या इच्छेनें आणखी एक पाऊल पुढें टाकिलें आहे. गोड्या पाण्यांतील चार मासे आतां पुरेसे वाटत नाहींत. खारें पाणी, प्रवाळ, त्यांत फिरणारे रंगीबेरंगी मासे आणि या सर्वांची काळजी वाहणारीं यंत्रें, असा सबंध समुद्रच दिवाणखान्यांत आणावा असें तरुणांस वाटूं लागलें आहे. पाणी आटलें तर यंत्र तें भरतें, तापलें तर यंत्र तें थंड करितें, दिवा यंत्रच लावतें व मालवितें. आणि मालक आगगाडीच्या गर्दींत उभा असतांना टाकीचें उष्णतामान त्याच्या मोबाईलवर उमटतें.

हा छंद विद्यार्थ्यानें करावा काय, आणि पालकांनीं त्यास संमति द्यावी काय, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकितों. छंद उत्तम आहे. परंतु यंत्रांच्या खरेदीपासून त्याचा आरंभ करूं नये, आणि जिवंत प्रवाळ तर घरीं आणूंच नये. असें कां म्हणतों, तें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम थोडा इतिहास. बंद पेटींत प्राणी आणि वनस्पति एकमेकांस जगवूं शकतात, हें रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं दाखवून दिलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें समुद्रपेटीवरील पुस्तक निघालें. तें लोकांस इतकें आवडलें कीं घरोघर कांचेच्या पेट्या दिसूं लागल्या. पण या पेट्या भरावयाच्या कोठून? इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांतून! हौशी लोकांच्या झुंडी टोपल्या घेऊन समुद्रावर लोटल्या, आणि जीं डबकीं पाहून गॉस हर्षभरित झाला होता, तींच कांहीं वर्षांत ओसाड पडलीं. त्याचा पुत्र एडमंड गॉस यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत या नाशाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. समुद्रावर प्रेम करावयास शिकविणाऱ्या पुस्तकानेंच समुद्राचा कांठ लुटला जावा, यापेक्षां दुःखाची गोष्ट कोणती?

आपल्या प्रांतांतील मुलांनीं खाऱ्या पाण्यांतील मासे प्रथम पाहिले ते बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयांत. मरीन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचें उद्घाटन १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. तेथें समुद्र शेजारीं होता आणि पगारी माणसें देखरेखीस होतीं. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर यांपैकीं कांहींच नसतें, हें घरीं पेटी मांडणाऱ्यानें आधीं ध्यानांत घ्यावें.

आतां प्रवाळाविषयीं. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. तें अतिसूक्ष्म प्राण्यांचें नगर आहे. प्रत्येक प्राणी पाण्यांतील चुना घेऊन आपलें घर बांधतो, आणि त्याच्या देहांत राहणारें सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यास देतें. प्रवाळाचा रंग बहुतांशीं या शैवालाचाच असतो. नेहमींच्या उन्हाळ्याहून पाणी एखादा अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हा शेजार मोडतो, शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरें पडतें. लक्षद्वीपांत हें १९९८, २०१० व २०१६ सालीं घडलें. आणि २०२४ च्या एप्रिलमध्यें शास्त्रज्ञांनीं जगभर चौथ्यांदा असें विरंजन चालू असल्याचें जाहीर केलें. महाराष्ट्राजवळही प्रवाळ आहे. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं घोषित झालें. आणि विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर पश्चिमेस समुद्रांत बुडालेलें एक विस्तीर्ण प्रवाळमय पठार आहे, त्यास कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून आंग्रिया बँक म्हणतात. मुंबईच्या किनारी रस्त्याचें काम निघालें तेव्हां हाजी अली व वरळी येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावें लागलें, ही गोष्ट २०२० सालची आहे. ज्या जिवासाठीं सरकारी काम थबकतें, तो जीव शोभेची वस्तु म्हणून विकत घ्यावा हें शोभण्यासारखें नाहीं.

शिवाय कायदाही स्पष्ट आहे. चुनखडीची भिंत बांधणारीं सर्व प्रवाळें, काळें प्रवाळ, समुद्रपंखा, तसेच समुद्रघोडा, यांस २००१ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आलें. वाघ ज्या अनुसूचींत आहे तीच ही अनुसूची. बाजारांत कोणी 'हें शेतींत वाढविलेलें आहे' असें तोंडानें सांगितलें, तर त्या सांगण्यास पुराव्याची किंमत नाहीं. विद्यार्थ्यानें छंदाच्या आरंभींच कायद्याकडे डोळेझांक करावयास शिकणें, हें आम्हांस प्रवाळाच्या हानीइतकेंच वाईट वाटतें.

मग उरलें काय, असें कोणी विचारील. पुष्कळ उरलें! मातीच्या वा सिमेंटच्या बनविलेल्या खडकांची भिंत रचतां येते. तिच्यावर कालांतरानें गुलाबी शैवालाचा थर चढतो. विदूषक मासा बंदिवासांत जन्मास घालण्याची पद्धत आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें बसविली आहे. अशा रीतीनें जन्मलेली एक जोडी आणिली तर समुद्रांतून कांहीं उचलावें लागत नाहीं. हा मासा समुद्रफुलावांचूनही पेटींत सुखानें राहतो.

आतां योजना. आमच्याकडे म्हण आहे, आधीं कळस मग पाया. ज्यानें दिवे व पंप आधीं घेतले त्याची गत अशीच होते. पाया म्हणजे वजन. एक मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच अशी पेटी ३६० लिटर पाणी धरते. एवढ्या समुद्रजलाचें वजन सुमारें ३७० किलो, आणि कांच, खडक व टेबल यांचें वजन निराळें. राहत्या घराच्या जमिनीवरील भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरण्याची आपल्या मानकांची रीत आहे. तो भार सबंध खोलीभर पसरलेला धरितात, हें खरें. तरीही सहा दशांश चौरस मीटरवर चारशेंहून अधिक किलो ठेवण्यापूर्वीं, विशेषतः जुन्या इमारतींत, इंजिनियरास विचारावें. नवशिक्यानें शंभर सव्वाशें लिटरांवर समाधान मानावें आणि पेटी तुळईजवळ, भिंतीशीं लावून ठेवावी.

दुसरा पाया पाण्याचा. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते स्वयंपाकाच्या मिठानें येत नाहींत. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम व इतर पुष्कळ द्रव्यें असतात, म्हणून तयार समुद्रक्षार घ्यावे लागतात. नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतें, सबब तें शुद्ध करून घ्यावें लागतें. आणि शुद्ध करतांना बरेंचसें पाणी वायां जातें. ज्या वस्तींत पाणी ठराविक वेळींच येतें, तेथें हें वायां जाणारें पाणी बादलींत धरून धुण्यास वा झाडांस वापरण्याची सोय आधीं करावी. मग पेटी मांडावी.

तिसरा पाया उष्णतेचा. प्रवाळभित्तींतील माशांस २५ ते २६ अंशांचें पाणी मानवतें. ठाण्याचा उन्हाळा पस्तीस अंशांवर सहज जातो. म्हणून येथें तापविणारें यंत्र नव्हे, तर थंड करणारें यंत्र मुख्य. लहान पेटीस पाण्यावर वारा घालणारा पंखा कांहीं अंशीं पुरतो, पण त्यानें पाणी अधिक आटतें. येथेंच स्वयंचलित भरणीचा प्रश्न येतो.

ही भरणी कशी चालते तें पाहण्यासारखें आहे. पाणी आटतें, क्षार आटत नाहींत. शंभर लिटरांतून दहा लिटर उडालें, तर ३५ चें प्रमाण जवळजवळ ३९ वर जातें. म्हणून पाण्याची पातळी खालीं गेली कीं तरंगणारा खटका पंपास हुकूम देतो, आणि शेजारच्या भांड्यांतील गोडें पाणी पेटींत येतें. उत्तम! पण खटका अडकला तर? भांडें वीस लिटरांचें असेल तर सगळें पाणी पेटींत येऊन प्रमाण २९ च्या आसपास उतरेल, आणि जमिनीवर पूर येईल तो निराळाच. भांडें तीन लिटरांचें असेल तर प्रमाण ३४ वर राहील व माशांस कळणारही नाहीं. म्हणजे खरी सुरक्षितता महागड्या खटक्यांत नसून भांड्याच्या मापांत आहे. आणि तें माप पांचवीच्या त्रैराशिकानें निघतें. यंत्र केव्हांतरी बिघडणारच असें धरून जो रचना करितो, तोच खरा रचनाकार. याच न्यायानें पंपाच्या नळीस पाण्याच्या पातळीजवळ बारीक भोंक असावें, म्हणजे वीज गेली असतां पाणी उलट वाहून खालीं सांडणार नाहीं. विजेच्या तारा भिंतीकडे जातांना खालीं झोळ देऊन न्याव्या, म्हणजे थेंब खुंटीपर्यंत पोंचणार नाहींत. आणि वीज जाईल त्या वेळेसाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप तयार ठेवावा. कारण अंधारांत प्रथम मरतो तो प्राणवायु, नंतर मासा.

चौथी गोष्ट कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. ती म्हणजे काळ. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, तो विषारी आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळ सौम्य. हे जंतु खडकांवर वस्ती करावयास चार ते सहा आठवडे घेतात. तोंवर पेटींत दिसण्यासारखें कांहीं नसतें. केवळ पाणी, खडक आणि नोंदवही. ज्याला दुसऱ्याच दिवशीं मासे हवेत, तो उतावळा नवरा होय. त्याच्या गुडघ्याच्या बाशिंगाची किंमत मासे देतात.

पालकांकडून येणारे दोन आक्षेप आम्हीं विचारांत घेतले आहेत. पहिला खर्चाचा. तो खरा आहे. पण प्रवाळ वगळलें कीं तीव्र दिवे आणि चुना मोजून घालणारीं यंत्रें हीं दोन्ही मोठीं खर्चें आपोआप टळतात, आणि खडक, पंखा व लहान भांडें एवढ्यावर काम भागतें. दुसरा आक्षेप असा, कीं सगळें यंत्रच करणार असेल तर मूल शिकणार काय? हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून आमची सूचना अशी, कीं पहिले तीन महिने एकही स्वयंचलित साधन लावूं नये. मुलानें रोज पाण्याची उंची रेघेवर पाहावी, हातानें पाणी घालावें, क्षाराचें प्रमाण व उष्णतामान वहींत लिहावें. आपल्या पेटींत रोज किती पाणी आटतें हें ज्यास स्वतःच्या वहींतून कळलें, त्यासच भांड्याचें माप ठरवितां येईल. यंत्र हें सवयीच्या जागीं येऊं नये. सवय पक्की झाल्यावर तिच्या मदतीस यावें. मोबाईलवरील आंकडा पाहून निश्चिंत झालेला मालक आणि पेटीपुढें दोन मिनिटें उभा राहून एक मासा आज खात नाहीं हें ओळखणारा मुलगा, यांत माशांनीं कोणाची निवड केली असती?

एक ताकीद मात्र कडक शब्दांत दिली पाहिजे. छंद सुटला, घर बदललें किंवा परीक्षा आली, म्हणून पेटींतील जीव मासुंदा तळ्यांत वा खाडींत सोडूं नयेत. मोनाको येथील संग्रहालयाखालच्या समुद्रांत १९८४ सालीं परक्या शैवालाचा एक लहानसा तुकडा आढळला, आणि पुढें त्यानें भूमध्य समुद्राच्या तळाचे विस्तीर्ण पट्टे व्यापिले. आपली ठाण्याची खाडी २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाली आणि २०२२ सालीं रामसर स्थळांच्या यादींत आली. तिच्यांत दुकानांतील जीव सोडणें ही भूतदया नसून निष्काळजीपणा आहे.

शेवटीं मित्रहो, एवढेंच सांगावयाचें आहे. आपण समुद्रापासून दूर राहणारे लोक नाहीं. कल्याणच्या खाडीकांठीं शिवछत्रपतींच्या आरमाराचीं पहिलीं जहाजें बांधलीं गेलीं. ठाण्याच्या पुलावरून जातांना भरतीओहोटी रोज आपल्या डोळ्यांपुढें घडते. पेटी मांडावयाची तर अवश्य मांडावी, पण आधीं एका रविवारीं ओहोटीच्या वेळीं खाडीवर जावें, तिवरांच्या मुळांशीं चिखलांत उड्या मारणारे मासे पाहावे आणि वहीचें पहिलें पान तेथें लिहावें. त्या पाण्यास पंप नाहीं, खटका नाहीं, बॅटरी नाहीं. त्याचा पहारा करण्याचें काम आपल्याच पिढीवर आहे. घरांतील शंभर लिटर पाणी नीट राखावयास जो शिकला, तो त्या पाण्यांत प्लॅस्टिकची पिशवी टाकणार नाहीं, असा आम्हांस भरंवसा वाटतो. आणि या छंदास आम्ही अनुकूल आहों तें याच भरंवशावर.