फणी, खोबरेल आणि शिकेकाई



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत सगळ्या मुली व्हरांड्यात सागरगोटे खेळत होत्या. तिसरीतली एकजण मात्र वर्गात एकटीच बसलेली. "का गं, तू नाही खेळत?" तिनं मान खाली घातली. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, तिच्या डोक्यात उवा आहेत! जवळ बसलं की उडून येतात!"

खरं सांगू? चूक माझीही होती. सकाळी मीच तिला शेवटच्या बाकावर वेगळं बसवलं होतं.

संध्याकाळी तिची आजी जेटीच्या रस्त्यावर भेटली. म्हणाली, "बाई, उद्या रॉकेल चोळते डोक्याला. नाहीच गेल्या, तर चकोट करून टाकते." पोरीची वेणी कमरेपर्यंत! तिचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, "आजी, रॉकेल अजिबात नको. त्यानं कातडी भाजते, पोटात गेलं तर विष, आणि चुलीजवळ गेली तर पेट घेईल. तीन आठवडे द्या मला."

आता आधी उवांची खरी माहिती ऐका. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. तिला पंखच नसतात. ती फक्त चालते. म्हणून डोक्याला डोकं लागलं, की या केसावरून त्या केसावर जाते. स्वच्छ डोकं, मळकं डोकं, तिला सगळं सारखंच. तेव्हा उवा होणं म्हणजे घाणेरडं असणं नव्हे. तिची अंडी म्हणजे लिखा. त्या केसाच्या मुळाशी घट्ट चिकटवलेल्या असतात आणि साधारण आठ-नऊ दिवसांत फुटतात. म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही.

आम्ही काय केलं? केसांना भरपूर खोबरेल लावलं. तेलानं उवा हमखास मरतात असं नाही, पण त्यांची चाल मंदावते आणि गुंता सुटतो. मग बारीक दातांच्या फणीनं मुळापासून टोकापर्यंत, बट-बट घेऊन विंचरलं. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. दर तीन-चार दिवसांनी हेच, तीन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासायची, ती एकाच दिवशी. एवढं करूनही उवा राहिल्या, तर आरोग्य केंद्रात औषध विचारायचं.

विंचरून झाल्यावर न्हायला आजीनं शिकेकाई काढली. तुम्हीही करून पाहा, मोठ्या माणसाला सोबत घेऊन. आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले पाच-सहा रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी उकळा, गार झालं की कुस्करा आणि फडक्यातून गाळा. डोळे मात्र घट्ट मिटा, फार झोंबतं! अंगणात जास्वंद असेल तर तिची पानं वाटून घाला. त्यांच्या बुळबुळीतपणामुळे केस मऊ होतात.

फेस कशामुळे येतो? रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. ते तेल आणि मळ सोडवून पाण्याबरोबर नेतं. खाडीजवळच्या जड पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, नुसता चिकट साका होतो. रिठ्याचं तसं नाही. दोन बाटल्यांत विहिरीचं पाणी घ्या, एकीत साबण आणि दुसरीत रिठा घालून हलवा आणि फरक वहीत लिहा.

आणि खोबरेल? २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी झिजतात. सूर्यफुलाच्या तेलानं तसं होत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावरचे किती माड पडले! म्हणून उरलेल्या माडांची किंमत आणखीच कळते.

मात्र एक लक्षात ठेवा. स्वयंपाकघरातलं काहीही लावलं म्हणून केस भराभर वाढत नाहीत. ते महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतात. खाण्याचा सोडा डोक्याला लावू नका. टाळूवर फोड किंवा जखम असेल, तर आधी डॉक्टर.

आमच्या मुलीचं काय झालं? दुसऱ्याच दिवशी मी तिला तिच्या जागेवर बसवलं आणि वर्गासमोर म्हटलं, "माझं चुकलं." घरी येऊन स्वतःच्या डोक्यात फणी फिरवली, तर दोन उवा फडक्यावर! वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. तीन आठवड्यांनी फडकं पांढरं शुभ्र निघालं. वेणी अजून कमरेपर्यंत आहे.

तुमच्या वर्गात कोणी एकटं बसलंय का? आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. फणीचं नंतर बघू.

तुमच्या बाई