ऐकणारी पेढी

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागे टाकून लांज्याकडे निघाले की पाली लागते. कोल्हापूरचा रस्ता येथेच फुटतो आणि नाणीज, साखरपा करीत आंबा घाटाने वर चढतो. घाटावरचा माल याच वाटेने कोकणात उतरतो. कोकणचा आंबा, काजू आणि कोकम याच वाटेने वर जातात. अशा तिठ्यावरच्या बाजारपेठेत किराणा दुकानाचा गल्ला हे ग्राहकाचे मन जाणून घेण्याचे उत्तम ठिकाण असते.

मे महिना सरत आला की कोकणात आगोटीची खरेदी सुरू होते. पुढचे चार महिने पावसाचे, म्हणून डाळी, मीठ, मिरची, मसाले घरोघरी भरून ठेवले जातात. त्या दिवसांत गिऱ्हाईक भाव तर विचारतेच, पण बोलता बोलता आणखीही काही सांगून जाते. गेल्या पावसाळ्यात बिस्किटे आठ दिवसांत सादळली. पुडा एकदा फोडला की नीट बंद होत नाही. एवढा मोठा पुडा नको, मुले मुंबईला असल्याने घरात आता दोघेच उरलो आहोत. आणि गणपतीत चाकरमानी आले की त्याच घराला तोच माल मोठ्या पुड्यात हवा असतो. दूरच्या कंपनीला एवढेच दिसते की अमुक मालाची विक्री घटली. ती का घटली, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला ठाऊक असते.

हे 'का' न विचारल्याची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनी मोजली आहे. केलॉग्ज ही अमेरिकी कंपनी १९९४ साली भारतात आली. थंड दुधात कुरकुरीत राहणारे मक्याचे पोहे हा तिचा मुख्य माल होता. येथील घरांत सकाळी दूध गरम करून घेण्याची रीत. गरम दुधात ते पोहे क्षणात मऊ पडले. शिवाय न्याहारी म्हणजे गरम आणि तिखटमिठाची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आरंभी अपेक्षेइतका खप झाला नाही. कालांतराने कंपनीने येथील चवीकडे लक्ष दिले आणि पुढे तिच्याच नावाचा उपमाही दुकानांत दिसू लागला.

मॅकडोनाल्डने मात्र दार उघडण्यापूर्वीच कान उघडले. १९९६ मध्ये दिल्लीत पहिले उपाहारगृह सुरू करताना गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वगळण्यात आले. शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा व भांडी वेगळी ठेवली गेली, अंड्याविना मेयोनीज तयार करण्यात आले आणि बटाट्याच्या टिक्कीला मानाचे स्थान मिळाले. एवढी बलाढ्य कंपनीही शाकाहारी ग्राहकाची शंका मोडीत काढू शकली नाही. वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याचा नियम २००१ साली आला, त्यामागेही ग्राहकाचा हाच साधा प्रश्न होता : यात नेमके काय आहे?

ऐकण्याचा हा धडा कोकणच्या मालालाही लागू पडतो. हापूस ही येथील सर्वांत मोठी ओळख. तिलाही प्रत्येक बाजारपेठेची अट समजून घ्यावी लागली. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्यासाठी दार उघडले, ते बाष्पोष्ण प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेने २००७ मध्ये परवानगी दिली, ती विकिरण प्रक्रियेनंतरच. फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने २०१४ मध्ये आयात थांबवली. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ मध्ये ती बंदी उठली. देशातल्या ग्राहकाचे म्हणणे निराळे आहे. शहरातील लहान कुटुंबाला आता मोठी पेटी नको, डझन-दोन डझनांचा खोका पुरतो. आणि हापूस म्हणून दुसराच आंबा हाती पडत नाही ना, ही धास्ती त्याला असतेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या धास्तीला उत्तर देण्याचे साधन त्यामुळे हाती आले. मात्र पेटीत वर निवडक फळ आणि खाली दुय्यम फळ भरले, तर कोणतेही मानांकन गेलेला विश्वास परत आणून देणार नाही.

व्यापारी घराण्यांपुढे आज खरा प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. संगणकावर शिल्लक मालाचा हिशेब क्षणात दिसतो. परंतु परत गेलेले गिऱ्हाईक काय मागत होते, हे त्यात कोठेही उमटत नाही. मोबाइलवरून माल घरपोच देणाऱ्या कंपन्या ग्राहकाचा प्रत्येक शोध टिपून ठेवतात. भावाच्या स्पर्धेत लहान दुकान त्यांच्यापुढे फार काळ टिकणे कठीण. ओळख, विश्वास आणि ऐकलेले लक्षात ठेवणे, हेच त्याचे भांडवल. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांनी आणखी एक वही ठेवावी. काय मागितले गेले आणि नव्हते, काय परत आले, कशाविषयी तक्रार झाली, एवढेच तीत रोज लिहावे. महिन्याच्या अखेरीस ती वितरकासमोर ठेवावी. दहा दुकानांनी एकच तक्रार लिहून दिली, तर ती दुर्लक्षित करणे कंपनीलाही जड जाते.

ऐकण्यालाही विवेक हवा. १९८३ मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या चिक शाम्पूने लहान पुडीतून सामान्यांच्या खिशाला परवडणारा माल दिला, हे खरेच. पण त्याच पुड्या आज ओढ्या-गटारांत अडकलेल्या दिसतात. ग्राहकाला स्वस्त हवे, हे ऐकताना त्याच्याच गावचे पाणी स्वच्छ राहावे, हेही ऐकले पाहिजे. रिकाम्या पुड्या दुकानात परत घेणे, शक्य तेथे सुटा माल ग्राहकाच्या डब्यात देणे, हे लहान दुकानालाही जमण्यासारखे आहे.

'श्रावक' या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा असा आहे. प्रवचनाच्या वेळी जागा असणारा कान दुकान उघडल्यावरही जागा राहावा. समोरची वृद्धा पुडा उलटसुलट पाहून खाली ठेवते, तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळण्यापूर्वी तिला एकदा विचारावे, "आजी, काय आवडलं नाही?"